खपुर, पांढरी आणि काळी : तरंगत्या नगरांच्या शक्याशक्यतेचा ऐतिहासिक विचार

हवेपेक्षा हलक्या वायूच्या आधाराने आकाशात तरंगणारे नगर वसविता येईल काय, हा प्रश्न वरवर पाहता पदार्थविज्ञानाचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण नाही, असे कोणासही वाटेल. तथापि दोन गोष्टींमुळे तो आपल्याही विचाराचा विषय ठरतो. पहिली ही की, गेली साडेतीनशे वर्षे हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे, आणि त्याच्या प्रत्येक उत्तरात त्या त्या काळाची नगराविषयीची कल्पना उमटली आहे. दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. महाभारतातील व पुराणांतील आकाशनगरांचे उल्लेख हे प्राचीन यंत्रविद्येचे पुरावे होत, असे प्रतिपादन महाराष्ट्रात अधूनमधून होत असते, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या निबंधांतूनही ते डोकावते. या उल्लेखांची साक्ष कशाची घ्यावयाची, हे ठरविण्यासाठी प्रथम आकाशनगराला लागते काय, याचा हिशेब मांडणे इष्ट होईल.

हिशेबासाठी एखादे जमिनीवरचे गाव माप म्हणून घेतले पाहिजे. प्रस्तुत लेखात हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगाव हे गाव घेतले आहे. हा सर्व भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पुढे तो परभणी जिल्ह्यात राहिला आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. खाली दख्खनचा काळा पाषाण, वर काळी माती, दगडमातीच्या भिंती आणि मातीचे माळवद, असे मराठवाड्याच्या जुन्या गावाचे सर्वसाधारण स्वरूप असते. या गावी कोणी आकाशनगर योजिले होते असे मुळीच नव्हे. एका सामान्य गावाला उचलावयाचे झाल्यास काय पडेल, एवढेच पाहावयाचे आहे. त्यासाठी पुढे चारशे घरे व दोन हजार माणसे असा आकडा घेतला आहे. तो हिशेबापुरता मानलेला आहे, जनगणनेतील नव्हे.

आरंभ आपल्या ग्रंथांपासूनच करू. महाभारताच्या वनपर्वात शाल्व राजाचे सौभ नावाचे इच्छेनुसार संचार करणारे नगर येते. त्याच पर्वात कालकेय दानवांचे हिरण्यपूर आहे, आणि कर्णपर्वात मयाने रचिलेली त्रिपुरे आहेत : सोन्याचे स्वर्गात, रुप्याचे अंतरिक्षात, लोखंडाचे भूमीवर. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत गंधर्वनगराच्या लक्षणांना स्वतंत्र अध्याय दिला आहे. त्याच्या दृष्टीने ते आकाशात दिसणारे शुभाशुभाचे चिन्ह आहे. पुढे तत्त्वज्ञानात गंधर्वनगर हा असत्याचा रूढ दृष्टांत होऊन बसला. ज्ञानदेवांनी पंधराव्या अध्यायात संसारवृक्षाचे मिथ्यात्व सांगताना गंधर्वांच्या दुर्गाचा उपयोग याच अर्थाने केला आहे.

या सामग्रीत एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. सौभ, हिरण्यपूर आणि त्रिपुर ही तिन्ही नगरे शत्रूंची आहेत आणि तिन्ही अखेर पडतात. त्यांच्या शेतांचा, विहिरींचा किंवा कोठारांचा तपशील कथेच्या केंद्रस्थानी येत नाही. याउलट शाल्वाने वेढा घातला तेव्हाच्या द्वारकेचे वर्णन पाहावे : तट, यंत्रे, शस्त्रे, अन्नसामग्री यांची तेथे लांबलचक यादी आहे. इतकेच नव्हे, तर शाल्वाच्या सैन्याने तळ दिला तोही सपाट आणि मुबलक पाण्याच्या जागी. आकाशनगराच्या धन्यालाही पाण्यासाठी खाली उतरावे लागले, हे कवीच्या वास्तवबुद्धीचे गमक होय. यावरून सौभ खरोखर उडत होते असे सिद्ध होत नाही. नगर पाण्यावाचून राहत नाही, हे रचणाऱ्याला पक्के ठाऊक होते, एवढे मात्र निश्चित होते.

भोजाच्या समरांगणसूत्रधाराचीही तीच कथा. हा अकराव्या शतकातील ग्रंथ टी. गणपतिशास्त्री यांनी संपादून बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध केला. यंत्राध्यायात हलक्या लाकडाचा, पाऱ्याच्या शक्तीने उडणारा पक्षी वर्णिला आहे, आणि यंत्रांची घटना मुद्दाम उघड केलेली नाही असेही ग्रंथकार सांगतो. उडत्या पक्ष्याची एवढी वाच्यता होते. पण हाच ग्रंथ नगररचनेकडे वळतो तेव्हा प्रथम भूमिपरीक्षा करतो. मातीचा रंग, वास आणि पाणी पाहिल्यावाचून त्यात नगर उभे राहत नाही.

१८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी मरुत्सखा नावाचे विमान उडविले, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तपासून पाहता येईल असा समकालीन पुरावा तिच्यामागे पुढे आलेला नाही. तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या वैमानिक शास्त्र या ग्रंथाची चिकित्सा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये केली. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. असे असूनही २०१५ च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानांचा विषय पुन्हा व्यासपीठावर आला. आमच्या मते यात हानी झाली ती विज्ञानापेक्षा इतिहासाची अधिक. ग्रंथ जे सांगत नाही ते त्याच्या तोंडी घातले की तो जे सांगतो ते ऐकू येईनासे होते.

आता युरोपाकडे वळू. फ्रान्सिस्को लाना या जेझुइट पाद्र्याने १६७० मध्ये तांब्याच्या चार पोकळ गोलांतील हवा काढून घेऊन त्यांच्या आधाराने नौका तरंगविण्याची योजना मांडली. हवेला वजन आहे हे तोवर सिद्ध झाले होते, तेव्हा तत्त्व बरोबर होते. मात्र तांब्याचा पातळ पत्रा बाहेरच्या हवेच्या दाबाखाली चेपून जाईल, ही अडचण त्याला पार करता आली नसती. लाना स्वतः वेगळीच अडचण सांगतो : अशी नौका झाली तर कोणतेही शहर सुरक्षित उरणार नाही, म्हणून ईश्वर ती होऊ देणार नाही. त्यानंतर १७५५ मध्ये अव्हिन्यों येथील जोसेफ गालिएं या डॉमिनिकन पंथीयाने, वरच्या थरातील विरळ हवेने भरलेल्या, अव्हिन्यों शहराहूनही मोठ्या जहाजाची कल्पना प्रसिद्ध केली. त्यात आख्खे सैन्य सामग्रीसह आफ्रिकेत नेता येईल असा त्याचा हिशेब होता. उत्प्लावक बलावर तरंगणाऱ्या नगराएवढ्या वस्तूचे गणित छापील स्वरूपात मांडणारे म्हणून गालिएंचे स्थान महत्त्वाचे आहे. पुढे जोसेफ माँगोल्फिए १७८२ मध्ये आपले पहिले प्रयोग करीत होता तो याच अव्हिन्योंत. १७८३ च्या जून महिन्यात माँगोल्फिए बंधूंचा उष्ण हवेचा फुगा जाहीररीत्या वर गेला, नोव्हेंबरात माणसे गेली, आणि १ डिसेंबरला शार्ल याने हायड्रोजनच्या फुग्यातून उड्डाण केले. तत्त्वाचा प्रश्न तेथे मिटला. पुढचा प्रश्न परिमाणाचा होता.

परिमाणाच्या इतिहासात आपला जुना मुंबई इलाखाही येतो, ही गोष्ट आज बहुधा विस्मृतीत गेली आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने साम्राज्याचे भाग वायुनौकांनी जोडण्याचा बेत आखला. हिंदुस्थानातील तिचे स्थानक म्हणून कराची निवडण्यात आली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. तो वेगळा झाला १९३६ मध्ये. कराचीस नौका बांधून ठेवण्याचा मनोरा आणि एक अवाढव्य छपरी उभारण्यात आली. तेथे यावयाची ती आर १०१ ही नौका. तिची उचल अपेक्षेहून कमी भरली, म्हणून १९३० च्या उन्हाळ्यात ती मध्ये कापून एक नवा गाळा घालण्यात आला व तिची लांबी ७७७ फूट झाली. ४ ऑक्टोबर १९३० रोजी सायंकाळी ती इंग्लंडातून कराचीकडे निघाली. इजिप्तमध्ये इस्माइलिया येथे मुक्काम व्हावयाचा होता. दुसऱ्या दिवशी पहाटेपूर्वीच फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ ती कोसळून पेटली. ५४ पैकी ४८ माणसे मरण पावली. विमानखात्याचे मंत्री लॉर्ड टॉमसन त्यांत होते. कराचीच्या छपरीत ज्यासाठी ती बांधली ते कधीच आले नाही.

या काळातील सर्वांत मोठी यशस्वी नौका हिंडेनबुर्ग. तिची लांबी २४५ मीटर, हायड्रोजन सुमारे २,००,००० घनमीटर. ६ मे १९३७ रोजी लेकहर्स्ट येथे ती जळाली तेव्हा तिच्यावर ९७ माणसे होती. म्हणजे माणशी दोन हजार घनमीटरांहून अधिक वायू पडतो, आणि तोही काही दिवसांच्या शिध्यावर, कापडी भिंतींच्या खोल्यांत राहणाऱ्या माणसांसाठी.

हे माप हाती घेऊन पुसेगावाकडे येऊ. सहा मीटर रुंद व आठ मीटर लांब असे एक घर घ्या. भिंती तीन मीटर उंच आणि दीड फूट जाड धरल्या तर केवळ भिंतींचे वजन सुमारे ७५ टन होते. वर एक फूट जाडीचे मातीचे माळवद धरले तर आणखी २३ टन. म्हणजे घरामागे सुमारे १०० टन, आणि चारशे घरांचे ४०,००० टन. एक घनमीटर हेलियम समुद्रसपाटीजवळ ढोबळमानाने एक किलो वजन उचलतो. तेव्हा चार कोटी घनमीटर हेलियम लागेल, म्हणजे दोनशे हिंडेनबुर्ग. एकच गोल केला तर त्याचा व्यास सव्वाचारशे मीटरांच्या आसपास येतो, आणि आवरणाचे वजन यात धरलेलेच नाही.

वाचकाला हा आकडा मोठा वाटेल. आम्हाला तो अपेक्षेहून लहान वाटला. घरे दगडमातीऐवजी बांबू, कापड व ॲल्युमिनियम यांची करून घरामागे पाच टनांवर आणली तर गाव दोन हजार टनांचे होते आणि दहा हिंडेनबुर्गांत तरंगते. आर्किमिडीजचा नियम गावाला मनाई करीत नाही, हे येथे स्वच्छ म्हटले पाहिजे. आकाशनगराची थट्टा करणारे बहुधा हा हिशेब करीत नाहीत.

अमेरिकन अभियंता बकमिन्स्टर फुलर याने १९६० च्या सुमारास शोजी सदाओ यांच्यासह याच दिशेने, परंतु हेलियमवाचून, विचार केला. गोलाचा व्यास वाढविला की आतल्या हवेचे वजन घनाच्या प्रमाणात वाढते. सांगाडा त्या मानाने फारसा जड होत नाही. व्यास अर्धा ते एक मैल झाला म्हणजे आतली हवा बाहेरच्याहून किंचित उष्ण असली तरी गोल तरंगेल, असे त्याचे म्हणणे होते. एक मैल व्यासाच्या गोलात वीस लाख टनांहून अधिक हवा मावते, तेव्हा हे म्हणणे तत्त्वतः निर्दोष आहे. पुसेगावची ४०,००० टनांची दगडी घरे अशा गोलात ठेवली तर आतली हवा बाहेरच्याहून साधारण सहा अंशांनी उष्ण ठेवावी लागेल. पौषात ही गोष्ट सुखावहच होईल. वैशाखात बाहेर ४२ अंश असताना आत ४८ अंशांत माणसे राहावयाची, हे मात्र मराठवाड्यातील माणसाला कोणी सांगू नये. हेलियमचा मार्ग घेतला तरी वैशाख आड येतोच : तापलेली हवा विरळ होते, आणि माघातल्या थंड पहाटेच्या मानाने तितक्याच आकारमानाची उचल सुमारे दहाव्या हिश्शाने घटते. चाळीस हजार टनांच्या गावात दहावा हिस्सा म्हणजे चार हजार टन, चाळीस घरे. आर १०१ ला कराचीच्या उन्हाची धास्ती होती ती याच कारणाने.

वाऱ्याचा विचारही केला पाहिजे. सव्वाचारशे मीटर व्यासाच्या गोलावर सेकंदास २० मीटर वेगाचा वारा सुमारे ६०० टनांचा रेटा देईल. दोरखंडांनी तो धरता येईल. दोर नको असतील, तर केवळ जागच्या जागी राहण्यासाठी १२० मेगावॅट शक्ती अखंड खर्च करावी लागेल. ती शक्ती देणारे इंधन कोठून वर जावयाचे, येथून वेगळाच हिशेब सुरू होतो.

पृथ्वीबाहेर एके ठिकाणी हे सारे सोपे होते. शुक्राच्या पृष्ठापासून सुमारे ५० किलोमीटर उंचीवर दाब आपल्या भूपृष्ठाइतका आहे, आणि तेथील वातावरण कर्बद्विप्राणिदाचे, म्हणजे आपल्या श्वासाच्या हवेहून जड. तेथे साधी हवाच घनमीटरी अर्धा किलोच्या आसपास वजन उचलेल. माणसे फुग्याच्या पोटातच राहू शकतील. जेफ्री लँडिस यांनी २००३ मध्ये ही कल्पना व्यवस्थित मांडली. १९८५ च्या जूनमध्ये सोव्हिएत वेगा यानांनी शुक्रावर सोडलेले दोन फुगे सुमारे ५४ किलोमीटर उंचीवर जवळजवळ दोन दिवस कार्यरत राहिले, ही गोष्ट तर घडलेलीच आहे. तेवढ्या वेळात वाऱ्याने त्यांना ११,००० किलोमीटरांहून अधिक दूर नेले. तरंगणे साधले, एका जागी असणे साधले नाही.

या ठिकाणी मूळ प्रश्नाला आपल्या भाषेतील एका जुन्या जोडीने हात घालता येतो. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गावगाड्या'त ज्या ग्रामव्यवस्थेचे वर्णन केले, तीत गावाच्या जमिनीचे दोन भाग असतात : वस्तीची पांढरी आणि पिकाची काळी. आतापर्यंत जेवढ्या योजना आपण पाहिल्या, लानाच्या नौकेपासून फुलरच्या गोलापर्यंत, त्या सगळ्यांनी फक्त पांढरी उचलली आहे. काळीचे वजन कोणी धरलेले नाही.

पाण्यापासूनच पाहा. ग्रामीण भागासाठी माणशी रोजी ५५ लिटर हे आजचे सरकारी मान आहे. दोन हजार माणसांना रोज ११० टन पाणी लागेल. एवढे पाणी हेलियमने वर न्यावयाचे तर १,१०,००० घनमीटर वायू हवा, म्हणजे हिंडेनबुर्गाचा अर्ध्याहून अधिक भाग एका दिवसाच्या पाण्यासाठी. जमिनीवरच्या नगराचे पाणी तुटले म्हणजे काय होते, हे मराठवाड्याने १९७२ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये पाहिले आहे. २०१६ च्या एप्रिलात लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आरंभी दहा वाघिणी येत. पुढे पन्नास वाघिणींतून एका खेपेस २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. पंचवीस लाख लिटर म्हणजे अडीच हजार टन. तेवढे पाणी हवेत उचलावयास साडेबारा हिंडेनबुर्ग लागतील, आणि वर केलेल्या हिशेबातील हलके पुसेगाव सगळे मिळून दोन हजार टनांचे आहे. एका शहराचे एका खेपेचे पाणी आख्ख्या हलक्या गावाहून जड भरते.

पाणी नळाने वर चढवावे, असे कोणी म्हणेल. ते शक्यही आहे. ११० टन पाणी एक किलोमीटर वर चढविण्यास सुमारे ३०० युनिट वीज पुरेल. पंपातील तूट धरून दुप्पट समजा. नळाच्या तळाशी शंभराच्या आसपास वातावरणांचा दाब येईल, तोही पेलणारे पोलाद आहे. परंतु नळ कयाधूच्या किंवा पूर्णेच्या खोऱ्यात उतरला, त्याशेजारून धान्याची उचलगाडी व विजेची तार उतरली, की ते नगर आकाशातले राहिले कोठे? ते खालच्या काळीवर उभारलेला एक फार उंच मजला झाले. त्या मजल्यास सारा, पाणीपट्टी आणि खालच्या कुणब्याची मर्जी या सर्वांची गरज पडेल, आणि दोर कोणाच्या शेतात रोवावयाचे हा तंटा तर पहिल्याच दिवशी उभा राहील. तांत्रिक शक्यतेचे लेख लिहिणारे हा तंटा सोडून देतात. महसुली कागदपत्रे वाचलेल्या माणसाला तो सर्वांत आधी दिसतो.

दख्खनच्या आकाशात प्रत्यक्ष तरंगलेल्या मोठ्या वस्तू कोणत्या, हेही नोंदले पाहिजे. होमी भाभा यांनी विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी बलूनचा उपयोग सुरू केला. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पॉलिथिनची मोठी बलूने तयार करण्याची विद्या देशातच विकसित केली आणि १९६९ मध्ये हैदराबादेस कायमचे उड्डाणकेंद्र स्थापिले. ही बलूने हायड्रोजनची असतात. सूर्यास्तानंतर वायू आकसतो. तेव्हा उंची राखावयाची तर वजन टाकावे लागते, आणि टाकण्याजोगे वजन संपले की तरंगणे संपते. २००५ च्या एप्रिलात जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या पुढाकाराने येथून झालेल्या प्रयोगात २ कोटी ६७ लक्ष घनफुटांचे बलून वापरले होते. म्हणजे सुमारे साडेसात लाख घनमीटर, पावणेचार हिंडेनबुर्ग. त्याने नेलेली उपकरणे ४५९ किलोंची होती. चाळीस किलोमीटरांच्या उंचीवर हवाच इतकी विरळ, की एवढ्या पसाऱ्यात पुसेगावातील चार पोती धान्य आणि एक माणूस यांहून फारसे अधिक वर जात नाही. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरून आणलेल्या हवेच्या नमुन्यांत हैदराबाद व पुणे येथील प्रयोगशाळांना जिवाणू व बुरशी आढळल्या. त्यांतील तीन जिवाणू विज्ञानाला नवे होते. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वरच्या आकाशात काही वस्ती असलीच तर ती एवढीच, आणि तिलाही काळी लागत असेल तर ती धुळीच्या कणाएवढी.

बलूनचे काम झाले की उपकरणे हवाई छत्रीने खाली येतात. कधी तेलंगणात, कधी कर्नाटकात, कधी महाराष्ट्राच्या हद्दीत, हैदराबादपासून दोनशे-तीनशे किलोमीटरांवर, कोणाच्या तुरीत किंवा ज्वारीत ती उतरतात. म्हणून उड्डाणांच्या हंगामाआधी वर्तमानपत्रांतून सूचना दिली जाते : असे काही आढळल्यास उघडू नये, हात लावू नये, जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा टपाल कचेरीस कळवावे, कळविणाऱ्यास बक्षीस व खर्च दिला जाईल.